चान्स घेण्याआधीचे तीन महिने: खाण्यापिण्यात, राहणीत खरंच काय बदलावं?

गोदाकाठची | १२ जुलै, रात्री १०:१४
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझं वय ३१, ह्यांचं ३४. लग्नाला सव्वादोन वर्षं झाली. दिवाळीनंतर चान्स घ्यायचा असं आमचं ठरलंय, म्हणजे हातात साधारण साडेतीन महिने आहेत. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. ह्यांची चार एकर द्राक्षबाग आहे, मी पतसंस्थेत नोकरीला. उंची ५ फूट १ इंच, वजन ६४. पाळी ३० ते ३२ दिवसांनी येते. मोठा आजार कुठलाच नाही, पण जिना चढला की दम लागतो. चहा दिवसातून चारदा, त्यातला एक डबा खाऊन झाल्या झाल्या. हे तंबाखू-चुना मळतात आणि बागेतली फवारणीही स्वतःच करतात.

सासूबाई म्हणतात अळीव खा. मावशी म्हणते अळीव उष्ण, खजूर-तूप घे. फोनवर एक ताई अडीच हजाराची पावडर विकतेय. मला फक्त एवढंच विचारायचंय: तुमच्या अनुभवात नेमक्या कशाचा उपयोग झाला आणि कशात नुसते पैसे आणि वेळ गेला? आणि हे सगळं फक्त मीच करायचं असतं का?

अबोली७ | १२ जुलै, रात्री १०:३१
शेवटच्या प्रश्नासाठी टाळ्या. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शेवग्याचा_पाला | १२ जुलै, रात्री ११:०५
मी एकाच गोष्टीवर लिहिते, कारण ती मला महागात पडली.

पहिल्या वेळी दिवस राहिले ते कळलं सहाव्या आठवड्यात. दवाखान्यात गेले, त्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिड सुरू झालं. अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर बराच वेळ एकाच जागी प्रोब धरून बसल्या आणि मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतली. बाळाच्या पाठीचा कणा मिटलेला नव्हता.

नंतर समजलं की बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आतच मिटते. आपली पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात तेव्हा. म्हणजे मी गोळी सुरू केली तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोळी वेळेवर घेतली असती तर टळलंच असतं असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. पण मला आधी घ्यायची असते हेच माहीत नव्हतं, आणि ते आजही सलतं.

दुसऱ्या वेळी तीन महिने आधीपासून घेतली. माझी केस वेगळी म्हणून डोस मोठा, ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहून दिलेला. लेक आता पहिलीत आहे. ज्यांना असा काही इतिहास नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. गोदाकाठची, बाकी काही जमो न जमो, ही गोळी उद्यापासून सुरू कर.

कऱ्हाकाठ | १२ जुलै, रात्री ११:४०
वाचून वाईट वाटलं, ताई. तरी एक शंका मांडतो. पालेभाज्या, चवळी, मूग, हरभरा यांत फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचंच नैसर्गिक रूप, भरपूर असतं. आपल्या आज्या-पणज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या? सकस आहार असेल तर गोळीची सवय कशाला लावायची?

शेवग्याचा_पाला | १२ जुलै, रात्री ११:५२
माझ्या पणजीला अकरा मुलं झाली, जगली सहा. गेलेल्या पाचांना काय झालं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

स्टेथोवाली | १३ जुलै, सकाळी ७:२०
मी ग्रामीण भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कऱ्हाकाठ, शंका रास्त आहे. पालेभाजी हवीच. पण फोलेट उष्णतेने नासतं, पाण्यात उतरतं, आणि आपण पालक उकडून ते पाणी ओतून देतो. भाजीतून रोज नक्की किती मिळालं याचा भरवसा नाही. गोळीचा पुरावा मात्र पक्का आहे. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा स्त्रियांवरची मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. एवढा फरक पाडणाऱ्या स्वस्त गोळ्या वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

आता धागालेखिकेसाठी. जिना चढताना दम लागतो आणि चहा जेवणावर, हे वाचून मला आधी तुमचं हिमोग्लोबिन बघावंसं वाटलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. चहा सोडू नका, जेवणापासून तास-दीड तास लांब न्या. भाजीवर लिंबू पिळा. लोखंडी कढई असेल तर ती माळ्यावरून खाली काढा. पण हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नुसत्या कढईने भरून निघत नाही, लोहाच्या गोळ्याच लागतात. आशाताईंकडे मिळणारी आठवड्याची लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक) गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही असते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

हिमोग्लोबिनसोबत साखर, थायरॉइड (टीएसएच) आणि बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. बी-ट्वेल्व्ह विसरू नका, विशेषतः घरात माळकरी वातावरण असेल तर. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून आईच्या पोषणाचा जो अभ्यास चालू आहे, त्यात दिसलं की आईचं बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त आढळते. म्हणून नुसतं फॉलिक रेटत राहू नका, बी-ट्वेल्व्हची कमतरताही भरून काढा. दूध, दही, ताक, अंडी यांतून थोडं मिळतं. फारच कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन.

रुबेलाची (जर्मन गोवर) लस झाली आहे का विचारा. नसेल तर आत्ताच घ्या, कारण त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. आणि दोघांचीही एचबी-ए-टू ही रक्ताची तपासणी एकदा करा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक दिसायला ठणठणीत असतात. विदर्भात, नंदुरबारकडे आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी तर लग्नाआधीच व्हायला हवी.

तुमचा प्रश्न होता की हे फक्त मीच करायचं का. नाही. त्याबद्दल इथल्या पुरुष सभासदांनी लिहावं असं मला वाटतं.

मारुतीची_शेपूट | १३ जुलै, सकाळी ९:०२
डॉक्टर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती उठली आणि सरळ माळ्यावर चढली. आता ती कढई घासायचं काम माझ्याकडे आलंय. :)

सह्यकडा | १३ जुलै, दुपारी १:१५
पुरुष सभासद हजर आहे.

आमच्याकडे दीड वर्ष सगळ्या तपासण्या बायकोच्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे. तो एक्स-रे काढून बाहेर आली तेव्हा तिला नीट उभं राहता येत नव्हतं, आणि मी बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलो होतो. दीड वर्षात एकाही डॉक्टरने मला डबी दिली नाही, मीही मागितली नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वीर्यतपासणी सांगितली. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य.

त्यांनी विचारलं, जिम करता? काही इंजेक्शनं? मी दोन वर्षं ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन घेत होतो. माझा समज असा की त्याने मर्दानगी वाढते, मग मूल व्हायला मदतच होईल. होतं बरोबर उलटं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. बंद केल्यावर आकडे परत यायला मला आठ महिने लागले. काहींना याहून जास्त लागतात.

तरुण पोरांनो, हे वाचत असाल तर ट्रेनरचं ऐकण्याआधी बापाला नाही तर निदान डॉक्टरला विचारा. आणि नवरे लोकहो, आधी आपली तपासणी करा. थोडकं काम आहे, सुई नाही, दुखत नाही.

आणि तीन महिने का, तर एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आज तंबाखू सोडली तर त्याचा परिणाम अडीच-तीन महिन्यांनी दिसतो. दिवाळीनंतर ठरलंय ना ताई? मग दाजींचं काम या आठवड्यातच सुरू व्हायला हवं.

अबोली७ | १३ जुलै, दुपारी १:४०
सह्यकडा, हे उघडपणे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या भावाला लिंक पाठवली.

तासगावकर | १३ जुलै, रात्री ८:४८
मीही द्राक्षवाला, म्हणून फवारणीबद्दल लिहितो. ते कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ताई, तुमच्याकडे गोडी (फळांसाठीची) छाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्यानंतरचे दीड-दोन महिने डाऊनी आणि भुरी या रोगांची भीती, पावसाळी हवा असली तर दिवसाआड फवारणीचा ब्लोअर चालतो. म्हणजे दिवाळी येईल तेव्हा दाजींच्या अंगावर वर्षातलं सगळ्यात जास्त औषध उडालेलं असेल. सह्यकडांचे ७४ दिवस मागे मोजा, नेमका तोच काळ येतो. काही कीडनाशकांचा शुक्रजंतूंवर वाईट परिणाम होतो. कुठल्या औषधाचा किती ते मी सांगणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण अंगावर कमी पडलेलं केव्हाही बरं.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. त्या हंगामात फवारणी भावाकडे दिली, बदल्यात त्याच्या पाणी-खताचं मी बघितलं. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, फिल्टरचा मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला पंचा म्हणजे मास्क नव्हे, तो भिजला की औषध नाकाशीच धरून ठेवतो. हाताने औषध कालवू नका, काठी घ्या. फवारणीत तंबाखू मळायची नाही, त्याच हाताने ती तोंडात जाते. घरी आल्यावर आधी अंघोळ. आणि ते कपडे वहिनींनी धुवायचे नाहीत. घरच्या कपड्यांत तर टाकायचेच नाहीत. मी गोठ्यापाशी वेगळी बादली ठेवली होती आणि स्वतः धुवायचो. सुरुवातीला शेजारचे हसले. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघांनी बादल्या आणल्या.

गोदाकाठची | १३ जुलै, रात्री ९:३०
तासगावकर दादा, हे तर डोक्यातही आलं नव्हतं. फवारणीचे कपडे मीच धुते, हाताने, दर वेळी.

रानजाई | १४ जुलै, सकाळी ११:२२
माझा अनुभव वजन आणि पाळीचा. मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास. वजन ७८, पाळी दोन-दोन महिने यायची नाही. आधी मी वेड्यासारखं डाएट केलं, फक्त सूप आणि काकडी. एका महिन्यात पाच किलो उतरलं, केस मूठभर गळले आणि पाळी होती तीही गेली. मग आहारतज्ज्ञांनी ताटच बदललं. भात अर्धी वाटी, डाळ-उसळ दीडपट, ज्वारीची भाकरी, रोज एक पालेभाजी, रात्रीचं जेवण आठच्या आत, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. सहा महिन्यांत सहा किलो गेलं आणि पाळी ३५ दिवसांवर आली. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी बीज फुटायला मदत होते. बारीक दिसायची गरज नाही.

गोदाकाठची, तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण २६.७ येतोय. आपल्याकडे २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. घाबरू नकोस, तीन-चार किलो पुष्कळ झालं.

अजून एक. चौदाव्या दिवशी बीज फुटतं हे सगळ्यांना लागू नाही. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी फुटतं. तुझी पाळी ३२ दिवसांची तर अठरावा दिवस. तो दिवस आणि आधीचे पाच, एवढेच कामाचे. मी वर्षभर चुकीचा आठवडा धरून बसले होते.

ओल्या_काजूची_उसळ | १४ जुलै, दुपारी ३:१०
अळीव की खजूर यावर कुणीच बोलेना! अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, ओलं खोबरं, गूळ, जायफळ. आमच्या देवगडला बाळंतिणीला हेच. लोह असतंच, शिवाय चव.

मारुतीची_शेपूट | १४ जुलै, दुपारी ३:२५
ताई, धागा पोषणाचा आहे आणि तुमच्या आयडीनेच भूक लागते.

कऱ्हाकाठ | १४ जुलै, संध्याकाळी ६:०५
डॉक्टर, मी माझं म्हणणं मागे घेतो, गोळी हवी. पण आयुर्वेदाचा मुद्दा सोडत नाही. सुश्रुताने गर्भासाठी चार गोष्टी सांगितल्या: ऋतू, क्षेत्र, अंबु, बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषक रस आणि दोघांचं उत्तम बीज. रानजाईंचा अठरावा दिवस म्हणजे ऋतू, तासगावकरांची बादली म्हणजे बीज. फक्त याच्या नावाखाली जी महागडी चूर्णं खपवतात त्यांत काय काय आहे ते तपासल्याशिवाय घेऊ नका. काही भस्मांत जड धातू असतात.

स्टेथोवाली | १४ जुलै, रात्री ९:४०
कऱ्हाकाठ, इथे आपलं पूर्ण जमलं. पुरुषांसाठीच्या पुड्यांबद्दलही एक सांगते. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड पुरुषांना देऊन अमेरिकेत दोन हजारांवर जोडप्यांमध्ये चाचणी झाली, २०२० मध्ये तिचा निकाल आला. वीर्याचा दर्जा सुधारला नाही आणि जिवंत जन्मांचं प्रमाणही वाढलं नाही. त्यापेक्षा तंबाखू-सिगारेट सोडणं, दारू आवरणं आणि झोप यांवर जोर द्या.

उलट साध्या खाण्याचा एक दाखला. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. आणि गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, ज्यांच्या खाऊत हे नव्हतं त्या दुसऱ्या गटात १२.४ टक्के.

टेक्सासची_तुळस | १५ जुलै, पहाटे ५:१८
इथे अमेरिकेत १९९८ पासून मैद्यात आणि ब्रेडच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे, म्हणून मी निर्धास्त होते. मग कळलं, आम्ही देशी दुकानातून आणतो त्या गव्हाच्या सबंध पिठाला ती सक्ती नाही. पोळ्या खाणाऱ्या इथल्या मराठी मुलींनी लक्षात ठेवा.

निःशब्द_सांज | १६ जुलै, रात्री १२:३०
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

यातलं सगळं मी केलंय. फॉलिक, बी-ट्वेल्व्ह, चालणं, वजन, नवऱ्याची सिगारेट बंद. चार वर्षं झाली, बाळ नाही. माझ्या एका नळीला अडथळा आहे आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) आहे. तो पालकाने जात नाही. पण घरी कुणी आलं की पहिलं वाक्य, "तू बाहेरचं खातेस का गं?" गेल्या महिन्यात एका हळदीकुंकवाला मी वडापाव घेतला तर एक काकू म्हणाल्या, म्हणून तर.

धाग्यावर राग नाही. फक्त हेही कुठेतरी लिहिलेलं असू द्या.

शेवग्याचा_पाला | १६ जुलै, सकाळी ६:४५
सांज, बरं झालं लिहिलंस. मलाही विचारलं होतं, ग्रहणात सुरी धरली होती का म्हणून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

स्टेथोवाली | १६ जुलै, सकाळी ७:३०
सांज, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात वर असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. चांगल्या खाण्याने शरीराची तयारी होते, पण बंद नळी उघडत नाही आणि वयही मागे जात नाही. म्हणून ३५ च्या आत असाल तर वर्षभर आणि ३५ च्या पुढे सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणीला या, दोघंही. पाळी फार अनियमित असेल किंवा पाळीत असह्य दुखत असेल तर तेवढंही थांबू नका. लाडूंवर तीन वर्षं काढून मग माझ्याकडे आलेल्या मुली मी पाहिल्यात. ती तीन वर्षं मला त्यांना परत देता येत नाहीत.

गोदाकाठची | २ सप्टेंबर, रात्री ९:५५
धागा वर काढतेय. सगळ्यांना कळवायचं होतं.

हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बी-ट्वेल्व्हही कमी. साखर आणि थायरॉइड ठीक. एचबी-ए-टू दोघांचं नॉर्मल. रुबेलाची लस मागच्याच महिन्यात घेतली. लोहाची गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते. पहिला आठवडा पोट बिघडलं, मग सरावलं. डब्यानंतरचा चहा चार वाजता गेला. ऑफिसातल्या दोघी आता चारलाच थांबतात, एकटीला पिऊ देत नाहीत. वजन दीड किलो उतरलंय. जिन्यात अजून दम लागतो, पण आता दुसऱ्या मजल्यावर.

सासूबाईंना सांज यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मीही सात वर्षं ऐकलंय. हे मला माहीतच नव्हतं, ह्यांनाही नव्हतं. अळिवाचे लाडू आता त्या दोघांना देतात, एक मला, एक ह्यांना.

ह्यांनी वीर्यतपासणी केली. हालचाल थोडी कमी आहे, डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत बघू. छाटणीनंतरची फवारणी चुलत दीर बघणार आहेत, आम्ही त्यांच्या बागेची डिपिंग (घड औषधात बुडवणं) बघू. पोळ्याला ह्यांनी बैल धुतले आणि चुन्याची डबी त्याच घमेल्यात टाकून दिली. मधे एकदा मित्राकडून मागून खाल्ली, मला येऊन सांगितलं, परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. आज नववा दिवस आहे. गोठ्यापाशी निळी बादली आणून ठेवलीय.